फडक्यातून दूध गळते, मग चक्का वर का राहतो?

पातळ पंचाचे फडके घ्या आणि त्यातून दूध ओता. सगळे दूध खाली जाते, फडक्यावर फार तर सायीची एखादी सुरकुती उरते. तेच दूध रात्री विरजून ठेवले आणि लागलेले दही त्याच फडक्यात बांधून टांगले, की पाणी ठिबकत राहते आणि चक्का वर राहतो. फडके तेच, त्याची छिद्रे तीच. दुधात जी प्रथिने होती तीच दह्यात आहेत. बाहेरून घातले ते फक्त चमचाभर विरजण. काल जे आरपार गेले ते आज का अडकले?

शाळेच्या रसायनशास्त्रात मिश्रणे वेगळी करण्याच्या पद्धती एका पानावर असतात आणि कलिले, म्हणजे दुधासारखी अतिशय बारीक कण पसरलेली मिश्रणे, दुसऱ्या पानावर. मुले पहिल्या पानावरची यादी पाठ करतात, दुसऱ्यावरची व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर दोन्ही विसरतात. वरचा प्रश्न मात्र या दोन पानांच्या मधोमध उभा आहे. तो सुटला की दोन्ही पाने एकदमच कळतात, म्हणून तो नीट सोडवून पाहू.

आधी मिश्रणांविषयी. मिश्रणात घटक एकत्र असतात, पण त्यांचे आपापले गुणधर्म शाबूत असतात. त्यामुळे वेगळे करण्याची प्रत्येक पद्धत एकाच प्रश्नावर उभी असते: हे घटक नेमके कोणत्या बाबतीत एकमेकांपेक्षा वेगळे आहेत? धान्य आणि कोंडा वजनात वेगळे, म्हणून सुपात पाखडले की कोंडा उडतो. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटतो, वाळू चिकटत नाही. तेल पाण्यात विरघळत नाही आणि हलके असते, म्हणून विलगक नरसाळ्याची तोटी उघडली की आधी पाणी खाली येते. नवसागर तापवला की द्रवरूप न होता थेट वाफ होऊन उडतो, मीठ जागचे हलत नाही. हवा अतिशय थंड करून द्रवरूप केली आणि हळूहळू तापू दिली, की उणे 196 अंश सेल्सियसला नायट्रोजन उकळून बाहेर पडू लागतो, ऑक्सिजनला उणे 183 अंशांपर्यंत थांबावे लागते. दवाखान्यातला ऑक्सिजन मोठ्या प्रमाणावर तयार होतो तो या तेरा अंशांच्या फरकावर. काळ्या स्केचपेनचा ठिपका टिपकागदाच्या पट्टीवर देऊन पट्टीचे टोक पाण्यात बुडवले, तर वर चढणाऱ्या पाण्याबरोबर निळा, जांभळा, पिवळा असे रंग सुटे होतात, कारण प्रत्येक रंगद्रव्याची कागदाला धरून राहण्याची ओढ निराळी असते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांमधली रंगद्रव्ये याच तत्त्वावर वेगळी केली.

मिठागरांपाशी थोडे थांबायला हवे, कारण पाठ्यपुस्तकात ‘बाष्पीभवनाने मीठ मिळते’ या एका वाक्यात फार मोठे कौशल्य झाकले जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, पण ते सगळे मीठ नसते. मीठ त्याच्या तीन चतुर्थांशाहून थोडे जास्त, बाकी मॅग्नेशियमचे, कॅल्शियमचे आणि इतर क्षार. पाणी नुसते शेवटच्या थेंबापर्यंत आटवले तर हाती कडवट, सतत ओलसर राहणारा गोळा येईल. वसई, उरण, पेणच्या किंवा गोव्याच्या मिठागरांत तसे करत नाहीत. पाणी एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात असे घट्ट होत जाते. वाटेत आधी चुनखडी आणि जिप्समसारखे कॅल्शियमचे क्षार बसतात. पाणी मूळच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले की मिठाचे स्फटिक धरू लागतात. मॅग्नेशियमचे क्षार सर्वांत जास्त काळ विरघळलेले राहतात, म्हणून मीठ ओढून घेतले की उरलेले कडू पाणी काढून टाकायचे. म्हणजे इथे बाष्पीभवन हे साधन झाले, खरे वेगळेपण विद्राव्यतेचे. या कडू पाण्याचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

आता गाळण. गाळण म्हणजे आकाराचा फरक वापरणे. इथे तीन आकार लक्षात ठेवावे लागतात. मीठ किंवा साखर पाण्यात विरघळते तेव्हा कण एक नॅनोमीटरहून लहान असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे खरे द्रावण. कण एक हजार नॅनोमीटरहून, म्हणजे एका मायक्रोमीटरहून मोठे असतील तर ते निलंबन: पाण्यात ढवळलेली माती, खडूची पूड. या दोन टोकांच्या मधले, एक ते हजार नॅनोमीटरचे कण दुसऱ्या पदार्थात पसरले असतील तर ते कलिल. दूध, शाई, रक्त, धुके, धूर, पावसाळ्यात नळाला येणारे गढूळ पाणी ही सगळी या मधल्या पट्ट्यातली मंडळी, काहींचा एक पाय निलंबनात. या सीमा माणसाने सोयीसाठी आखल्या आहेत. निसर्गात 999 आणि 1001 यांच्यात काही बदलत नाही.

पंचाच्या फडक्याची छिद्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात. दुधातले मुख्य प्रथिन केसीन. त्याचे हजारो रेणू कॅल्शियम फॉस्फेटच्या आधाराने एकत्र येऊन गोल पुंजके बनवतात आणि असा एक पुंजका साधारण 50 ते 300 नॅनोमीटरचा. फडक्याचे छिद्र त्याच्या कितीतरी शेकडो पट मोठे. प्रयोगशाळेतल्या गाळणकागदाची छिद्रेही काही मायक्रोमीटरची असतात, तीही त्याला अडवत नाहीत. गाळून जमत नाही, हे झाले.

मग निवळू द्यावे? इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पाण्यात बुडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी, तर वेग शंभरपट कमी. 30 सेंटिमीटर उंच पाण्याचे भांडे घेतले, तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण साधारण अर्ध्या मिनिटात तळाला जातो. एका मायक्रोमीटरच्या मातीच्या कणाला सुमारे चार दिवस लागतात. त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या, म्हणजे शंभर नॅनोमीटरच्या कणाला एका वर्षाहून जास्त. तेही पाणी अगदी स्तब्ध असेल तर, आणि पाणी आतून कधीच स्तब्ध नसते. त्याचे रेणू कणाला सर्व बाजूंनी धडकत असतात. कण मोठा असेल तर सगळ्या बाजूंचे धक्के एकमेकांना निष्प्रभ करतात. कण पुरेसा लहान असेल तर कधी डावीकडून धक्का जास्त, कधी खालून, आणि कण जागच्या जागी भरकटत राहतो. रॉबर्ट ब्राऊन यांना 1827 मध्ये परागकणांतल्या सूक्ष्म कणांची अशी वळवळ सूक्ष्मदर्शकातून दिसली होती. तिचे गणित आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये मांडले आणि फ्रान्समध्ये झाँ पेरँ यांनी कलिलातले कण मोजून ते खरे ठरवले. रेणू खरोखर अस्तित्वात आहेत की ती नुसती सोयीची कल्पना, हा तोवर चाललेला वाद या मोजणीने मिटवला. पेरँ यांना 1926 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. गढूळ पाण्याच्या न बसणाऱ्या कणांत एवढे मोठे उत्तर दडलेले होते, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

समोरचे पाणी कलिल आहे की द्रावण, हे ओळखायला प्रकाश पुरतो. दोन काचेचे पेले घ्या, एकात मीठ विरघळवा, दुसऱ्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकून ढवळा. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चचा झोत बाजूने सोडा. मिठाच्या पाण्यात झोताचा मार्ग दिसत नाही, दुधाच्या पाण्यात तो उजळून निघतो. बाजूने पाहिले तर पाणी निळसर वाटते आणि झोताच्या समोरून पाहिले तर पिवळट-तांबूस, कारण बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. जॉन टिंडल यांनी एकोणिसाव्या शतकात याचा कसून अभ्यास केला, म्हणून हा टिंडल परिणाम. कौलाच्या फटीतून धुरकट स्वयंपाकघरात उतरणारा कवडसा दिसतो तो असाच विखुरलेल्या प्रकाशामुळे. टिंडल यांच्याआधी मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्ये सोन्याचे कलिल बनवून त्यातून प्रकाशाचा झोत सोडला होता. ते द्रव सोनेरी नाही, माणकासारखे लाल दिसते. त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही आहेत आणि दीडशेहून अधिक वर्षांत त्यांतले सोने खाली बसलेले नाही.

इथे एक शंका यायला हवी. कण सतत भरकटतात, म्हणजे एकमेकांवर आदळतही असणार. आदळून चिकटले तर मोठे होतील, मोठे झाले की बसतील. मग ते चिकटत का नाहीत? कलिलांचा गाभा हाच आहे, आकार ही फक्त ओळखीची खूण.

कारणे मुख्यतः दोन. पहिले, विद्युतभार. पाण्यातल्या मातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. सगळ्यांवर सारखाच भार, त्यामुळे जवळ आले की एकमेकांना दूर लोटतात. दुसरे, आवरण. पूर्वी पोथ्या लिहायला काजळीची शाई करत. नुसती काजळी पाण्यात घोटली तर थोड्या वेळात तिच्या गुठळ्या होतात, म्हणून तिच्यात डिंक घालत. डिंकाचे लांब रेणू काजळीच्या कणांना वेढून बसतात आणि दोन कणांना एकमेकांना टेकू देत नाहीत. दुधात दोन्ही उपाय एकत्र आहेत. केसीनच्या पुंजक्याच्या बाहेरून एका प्रकारच्या केसीनची लव उभी असते आणि त्या लवेवर ऋण भार असतो.

आता विरजणाने काय केले ते सहज कळेल. विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतात. ताज्या दुधाचा सामू, म्हणजे आंबटपणा मोजणारा pH हा आकडा, 6.6 च्या आसपास असतो, आम्लाने तो घसरत 4.6 च्या जवळ येतो. आम्लातले धन भाराचे हायड्रोजन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, केसीनवरचा ऋण भार फेडत जातात आणि 4.6 च्या आसपास तो शून्यावर येतो. दूर लोटणारे काही उरले नाही, की पुढच्या धडकेत पुंजके चिकटतात. एकाला एक लागून सगळ्या भांड्यात त्यांचे जाळे विणले जाते, पाणी त्या जाळ्यात अडकते आणि दही लागते. भांडे हलवू नये असे म्हणतात ते याचसाठी, विणत असलेले जाळे तुटते. दूध आधी नीट तापवलेले असेल तर दही जास्त घट्ट लागते, कारण उष्णतेने उलगडलेली काही पाण्यातली प्रथिनेही केसीनला चिकटून जाळ्यात सामील होतात. फडक्यात अडकते ते हे जाळे. त्यातला प्रत्येक पुंजका अजूनही छिद्रापेक्षा शेकडो पट लहानच आहे, पण आता तो एकटा नाही. खाली ठिबकणाऱ्या पाण्याला हिरवट-पिवळी झाक असते, ती त्यात विरघळलेल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची.

म्हणजे कलिल वेगळे करायचे असेल तर गाळणी बारीक करण्यापेक्षा कणांचे एकमेकांना लोटणे थांबवणे सोपे. तुरटीही हेच करते. गढुळलेल्या पाण्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवला की तिच्यातून तीन धन भारांचे ॲल्युमिनियम आयन सुटतात. ते मातीच्या कणांवरचा ऋण भार मोडतात, शिवाय पाण्याशी अभिक्रिया होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे फुसफुशीत पुंजके बनतात आणि जाता जाता आणखी कणांना कवेत घेऊन तळाशी बसतात. निवळीच्या बिया उगाळून पाण्यात घालण्याची रीत फार जुनी आहे, मनुस्मृतीतही या फळाच्या पाणी निवळण्याच्या गुणाचा उल्लेख येतो. शेवग्याच्या बियांत तर धन भार असलेली प्रथिने असतात आणि त्यांच्या पुडीने गढूळ पाणी निवळते.

तीन भारांना इतके महत्त्व का? हान्स शुल्झे आणि विल्यम हार्डी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दाखवून दिले की आयनावरचा भार वाढला की कलिल मोडण्याची त्याची ताकद झपाट्याने वाढते. सिद्धांतानुसार ती भाराच्या सहाव्या घातापर्यंत जाऊ शकते: एका भाराच्या सोडियमची ताकद 1 धरली तर दोन भारांच्या मॅग्नेशियमची 64 आणि तीन भारांच्या ॲल्युमिनियमची 729. प्रत्यक्षातले आकडे थोडे निराळे येतात, पण क्रम असाच राहतो. त्यामुळे मिठानेही गढूळ पाणी निवळते, मात्र इतके मीठ लागते की पाणी पिण्याच्या लायकीचे राहत नाही. नदी समुद्राला मिळते तिथे एवढे मीठ फुकटच असते. खाडीच्या तोंडाशी बारीक मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात, तिथल्या मऊ, गुडघाभर चिखलामागे हेही एक कारण आहे. मिठागरातले ते कडू पाणी आठवते? त्यात दोन भारांचे मॅग्नेशियम ठासून भरलेले असते. जपानमध्ये सोयाबीनच्या दुधात तेच घालून टोफू करतात. सिंधुदुर्गात दोडामार्गकडच्या रबराच्या बागांतला चीक म्हणजेही एक कलिल, तो साकळवायला फॉर्मिक आम्लासारखे आम्ल वापरतात.

मुंबईचे भांडुप संकुल असो की पुण्याचे पर्वती जलकेंद्र, शहराचे पाणी शुद्ध होते ते याच पायऱ्यांनी. आधी ॲल्युमिनियमचा क्षार घालून पाणी जोरात ढवळतात, म्हणजे तो सगळीकडे पोचावा. मग मुद्दाम सावकाश ढवळतात, म्हणजे कण भेटावेत पण जमलेले पुंजके तुटू नयेत. मग मोठ्या टाक्यांत गाळ बसू देतात, वरचे पाणी वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. किती मात्रा घालायची हे कोणी अंदाजाने ठरवत नाही. एकाच पाण्याचे नमुने ओळीने काचपात्रांत घेऊन प्रत्येकात वेगळी मात्रा घालतात आणि कोणते चांगले निवळते ते पाहतात. पावसाळ्यात नदीचे पाणी रोज बदलते, म्हणून ही चाचणीही वारंवार करावी लागते. मात्रा जास्त झाली तर कणांवर उलटा, धन भार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना लोटू लागतात. घरी तुरटी फिरवतानाही म्हणून हात आवरता घ्यावा. तुरटीने निवळलेल्या पाण्यातले पुष्कळ जंतू गाळाबरोबर खाली जातात, पण सगळे जात नाहीत. काचेसारखे स्वच्छ दिसले तरी ते पाणी उकळून किंवा क्लोरीन घालूनच प्यावे, यात तडजोड करू नये.

दुधातल्या चरबीची गोष्ट वेगळी आहे. तिचे गोळे सरासरी तीन-चार मायक्रोमीटरचे, कलिलाच्या वेशीबाहेरचे, आणि पाण्यापेक्षा हलके. म्हणून साय आपोआप वर येते, पण हळू. वेग हवा असेल तर गुरुत्वाकर्षण वाढवायला हवे, आणि ते भांडे गरगर फिरवून वाढवता येते. स्वीडनच्या गुस्ताफ डी लाव्हाल यांनी 1878 मध्ये असे सतत चालणारे यंत्र केले, आजच्या दूधसंघांतली क्रीम काढण्याची यंत्रे त्याच वंशातली. पुढे त्याच देशाच्या थेओडोर स्वेडबर्ग यांनी इतक्या प्रचंड वेगाने फिरणारे यंत्र बनवले की कलिलातले प्रथिनांचे कणही खाली बसू लागले. 1926 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना कलिलांवरच्या कामासाठी मिळाले.

लोणी काढणे मात्र नुसते वेगळे करणे नाही. सायीत पाण्यात चरबी पसरलेली असते आणि प्रत्येक गोळ्याभोवती पातळ पापुद्रा असतो. रवीने घुसळल्यावर पापुद्रे फाटतात, अर्धवट गोठलेली चरबी एकमेकांत रुतते आणि एका क्षणी सगळे उलटते: आता चरबीत पाणी पसरलेले असते. चरबी अर्धवट गोठलेली असणे इथे फार महत्त्वाचे. पूर्ण पातळ असेल तर गोळे नुसते एकत्र वाहतात, पूर्ण कडक असेल तर चिकटतच नाहीत. म्हणून उन्हाळ्यात घुसळताना गार पाणी आणि थंडीत कोमट पाणी घालतात. ज्यांनी ही रीत बसवली त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता, हाताला कळत होते. लोण्यात उरलेले पाणी कढवताना उडून जाते आणि प्रथिने तळाशी बेरी होऊन बसतात.

आतापर्यंत कलिल मोडायचे कसे ते पाहिले. पण कधी कधी ते अजिबात मोडायचे नसते, फक्त त्यातले लहान रेणू काढायचे असतात. स्कॉटलंडचे थॉमस ग्रॅहम यांनी 1861 मध्ये याची वाट दाखवली. चर्मपत्रासारख्या कागदाच्या पडद्याआड मिश्रण ठेवून बाहेर स्वच्छ पाणी ठेवले, तर साखर-मीठ पडद्यातून निसटते आणि डिंक, जिलेटिन आत राहते. कलिल हे नाव त्यांच्याच संशोधनातून रूढ झाले. ग्रॅहम यांना वाटले की पदार्थांच्या दोन जाती आहेत, स्फटिकी आणि कलिली. पुढे कळले की जात वगैरे काही नाही: साबण पाण्यात कलिल होतो, अल्कोहोलमध्ये खरे द्रावण. कलिल ही अवस्था आहे, आणि योग्य परिस्थितीत कोणताही पदार्थ तीत येऊ शकतो.

ग्रॅहम यांच्या या पद्धतीला डायलिसिस म्हणतात. रक्तही कलिलच. त्यातली अल्ब्युमिनसारखी प्रथिने मोठी आणि युरिया लहान. मूत्रपिंडे थकली की हा युरिया रक्तात साठत जातो. नेदरलँड्समध्ये महायुद्ध चालू असताना विलेम कोल्फ यांनी 1943 मध्ये सेलोफेनच्या नळ्या फिरत्या पिंपावर गुंडाळून त्यातून रुग्णांचे रक्त खेळवले, आणि 1945 मध्ये त्या यंत्राने पहिला जीव वाचला. आजच्या यंत्रात केसासारख्या बारीक पोकळ तंतूंच्या भिंतींतून हेच चालते, एका वेळी साधारण चार तास. एक अडचण मात्र पडदा सोडवू शकत नाही: सोडियम आणि कॅल्शियमही युरियाइतकेच लहान, तेही निसटतील. म्हणून पडद्याच्या बाहेर नुसते शुद्ध पाणी ठेवत नाहीत. शरीराला हवे असलेले क्षार त्यात रक्तातल्या प्रमाणाच्या जवळपास आधीच मिसळलेले असतात. दोन्ही बाजूंना सोडियम जवळजवळ सारखे असले की जितके बाहेर जाते तितकेच आत येते, आणि युरिया बाहेरच्या पाण्यात मुळीच नसल्यामुळे तो तेवढा निघून जात राहतो.